अ‍ॅक्सल गुणोत्तर आणि ओढक्षमता

अ‍ॅक्सल गुणोत्तर म्हणजे वाहनाच्या चालक आसावरील शेवटच्या गिअरजोडीचे गुणोत्तर होय. यालाच अंतिम चालन गुणोत्तर असेही म्हणतात. गिअरबॉक्समधून येणारा प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला म्हणजे मागचे चाक एकदा फिरते, हे या अंकावरून कळते. हे गुणोत्तर ४.१० असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ४.१० फेरे घ्यावे लागतात. इंजिनाची फिरकी या टप्प्यावर जितक्या पटीने मंदावते, जवळपास तितक्याच पटीने चाकावरील पिळाचे बल वाढते. त्यामुळे पिकअप, ट्रक किंवा ट्रॅक्टर मागे जोडलेला भार किती ओढू शकेल, चढावर कोणत्या गिअरमध्ये टिकेल आणि त्यासाठी किती इंधन जाळेल, हे ठरवण्यात या गुणोत्तराचा मोठा वाटा असतो. मात्र ओढक्षमता केवळ त्यावर ठरत नाही. टायरची पकड, ब्रेक, इंजिनाचे शीतन, सांगाडा आणि जोडणीचा हूक यांच्या मर्यादाही तितक्याच निर्णायक असतात.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या भंडारा जिल्ह्यात या विषयाचे दोन पैलू एकत्र आढळतात. येथे धान, तणीस आणि वाळूची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअप व ट्रॅक्टर-ट्रॉलीने होते, आणि ज्या गिअरांवर ही ओढ अवलंबून असते त्या प्रकारच्या यंत्रभागांचे उत्पादनही याच जिल्ह्यात होते.

== रचना ==

मागील चाके चालवणाऱ्या वाहनात इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा आस अशी शक्तीची वाट असते. मागच्या आसाच्या मध्यभागी जो फुगीर भाग दिसतो, त्यात दोन मुख्य गिअर असतात. शाफ्टला जोडलेल्या लहान गिअरला पिनियन म्हणतात, तर त्याच्याशी काटकोनात जुळणाऱ्या मोठ्या कंकणाकृती गिअरला क्राऊन म्हणतात. गॅरेजमध्ये ही जोडी ‘क्राऊन-पिनियन’ या एकाच नावाने ओळखली जाते. हे गिअर एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यामुळे एक खराब झाला तरी दोन्ही एकत्रच बदलावे लागतात.

क्राऊनला डिफरन्शियल जोडलेले असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरन्शियलचे काम आहे. बोलण्यात क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल यांत अनेकदा गल्लत होते. गुणोत्तर ठरते ते क्राऊन-पिनियनच्या दात्यांवरून, डिफरन्शियलवरून नव्हे.

=== दात्यांची संख्या ===

अ‍ॅक्सल गुणोत्तर म्हणजे क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारा अंक होय. क्राऊनला ४१ दाते असतील, तर पिनियनच्या दात्यांनुसार पुढील गुणोत्तरे मिळतात :

* पिनियनला ११ दाते : ३.७३
* पिनियनला १० दाते : ४.१०
* पिनियनला ९ दाते : ४.५६

असे ‘विषम’ वाटणारे अंक मुद्दाम निवडलेले असतात. क्राऊनला ४० आणि पिनियनला १० दाते ठेवले, तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या ठरावीक चारच दात्यांना पुन्हा पुन्हा भिडेल. एखाद्या दात्यात खोट असेल, तर ती त्याच चार जागी घर्षण वाढवत राहील. ४१ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता पाळीपाळीने क्राऊनच्या सर्व दात्यांना भिडतो आणि झीज सर्वत्र सारखी विभागली जाते.

गुणोत्तर वाढवण्यासाठी पिनियनचे दाते कमी करावे लागतात आणि त्याच आकाराच्या क्राऊनसोबत पिनियन लहान होतो. लहान पिनियनवर एका वेळी कमी दाते भार पेलतात. म्हणून एकाच गिअरजोडीतून फार मोठे गुणोत्तर मिळवता येत नाही. खाणीतील टिपर आणि शेतीचे ट्रॅक्टर यांत क्राऊन-पिनियननंतर गती घटवणारा आणखी एक टप्पा असतो. काही टिपरांत तो चाकाच्या हबमध्ये बसवलेला असतो, तर ट्रॅक्टरमध्ये ‘बुल गिअर’ किंवा ग्रहीय गिअरांच्या रूपात असतो.

=== ‘उंच’ आणि ‘खालचा’ ===

या विषयातील शब्दप्रयोग नवख्या वाचकाला गोंधळात टाकतात. अंक मोठा, म्हणजे ४.५६, असेल तर त्याला ‘खालचे’ गुणोत्तर म्हटले जाते, कारण त्याचा परिणाम खालच्या गिअरसारखा असतो : ओढ जास्त, वेग कमी. अंक लहान, म्हणजे ३.७३, असेल तर ते ‘उंच’ गुणोत्तर ठरते. गैरसमज टाळण्यासाठी प्रत्यक्ष अंक सांगणेच सोयीचे असते.

== टॉर्क, शक्ती आणि ओढ ==

एखादी वस्तू फिरवणाऱ्या पिळाच्या मापाला टॉर्क, म्हणजेच पीडन-परिबल, म्हणतात. ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. शक्ती म्हणजे काम करण्याचा दर. ती अश्वशक्तीत किंवा किलोवॉटमध्ये सांगितली जाते. गिअर शक्ती निर्माण करत नाहीत. ते केवळ गतीच्या मोबदल्यात टॉर्क मिळवून देतात. तरफेने जड दगड हलवताना हाताला लांब अंतर कापावे लागते आणि दगड थोडाच सरकतो, तसाच हा व्यवहार आहे.

चाकाशी मिळणारे ओढबल काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे : इंजिनाचा टॉर्क, गिअरबॉक्सचे गुणोत्तर आणि अ‍ॅक्सल गुणोत्तर यांचा गुणाकार करावा, घर्षणातील घट वजा करण्यासाठी त्याला कार्यक्षमतेने गुणावे आणि आलेल्या अंकाला चाकाच्या त्रिज्येने भागावे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक पिकअप घेता येईल. तिच्या इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.०, सर्वात वरच्या गिअरचे १.०, चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर आणि एकूण कार्यक्षमता ९० टक्के आहे असे मानू.

| अ‍ॅक्सल गुणोत्तर | पहिल्या गिअरमधील ओढबल | वरच्या गिअरमधील ओढबल | ताशी ६० किमीला इंजिनाचे फेरे | ताशी ८० किमीला इंजिनाचे फेरे |
|---|---|---|---|---|
| ३.७३ | सुमारे ७,६७० न्यूटन | सुमारे १,९२० न्यूटन | मिनिटाला १,७०० | मिनिटाला २,२६० |
| ४.१० | सुमारे ८,४३० न्यूटन | सुमारे २,११० न्यूटन | मिनिटाला १,८६० | मिनिटाला २,४९० |
| ४.५६ | सुमारे ९,३८० न्यूटन | सुमारे २,३४५ न्यूटन | मिनिटाला २,०७० | मिनिटाला २,७६० |

इंजिन तेच आणि गिअरबॉक्सही तोच असताना ३.७३ ऐवजी ४.५६ गुणोत्तर घेतल्यास ओढबल सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. त्याची किंमतही तेवढीच असते : त्याच वेगासाठी इंजिनाला सुमारे २२ टक्के अधिक फेरे घ्यावे लागतात. रिकाम्या गाडीने महामार्गावर धावताना हा भुर्दंड इंधन, आवाज आणि झीज यांच्या रूपाने भरावा लागतो.

== विरोधी बले ==

वाहनाला तीन प्रमुख विरोधांवर मात करावी लागते : चाकांचा लोळण-विरोध, चढाचा विरोध आणि हवेचा विरोध. वरील पिकअपचे रिकामे वजन १,७०० किग्रॅ, तिच्यातील माल १,००० किग्रॅ आणि मागील ट्रेलर मालासह १,८०० किग्रॅ धरल्यास जोडगाडीचे एकूण वजन ४,५०० किग्रॅ होते.

; डांबरी सपाट रस्ता : लोळण-विरोध वजनाच्या सुमारे १.२ टक्के, म्हणजे ५३० न्यूटनच्या आसपास असतो. तिन्ही गुणोत्तरांना हा भार हलका आहे.

; महामार्गावरील चढ : सपाट प्रदेशातील रस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसने सामान्य उतारमर्यादा ३.३ टक्के, म्हणजे ३० मीटरला १ मीटर, ठरवली आहे. अशा चढावर वजनामुळे सुमारे १,४६० न्यूटन विरोध येतो. त्यात लोळण-विरोध आणि ताशी ६० किमी वेगाला हवेचा अंदाजे ३३० न्यूटन विरोध मिळवला, की बेरीज २,३२० न्यूटन होते. वरच्या गिअरमध्ये एवढे बल फक्त ४.५६ गुणोत्तराची गाडी, तेही काठावर, देऊ शकते. उरलेल्या दोघींना गिअर खाली घ्यावा लागतो.

; तीव्र चढावर गाडी सुरू करणे : १२ टक्के चढावर या जोडगाडीला नुसते पुढे सरकवायलाच सुमारे ५,७९० न्यूटन बल लागते. ३.७३ गुणोत्तराकडे पहिल्या गिअरमध्ये वर १,९०० न्यूटनच्या आसपास शिल्लक राहते, तर ४.५६ कडे जवळपास ३,६०० न्यूटन. शिल्लक कमी असली की चालक क्लच अर्धवट दाबून इंजिनाचे फेरे वाढवतो आणि क्लचप्लेट तापून जळते. चुकीच्या गुणोत्तराची पहिली किंमत बहुधा क्लचला मोजावी लागते.

; सुटी वाळू आणि चिखल : सुट्या वाळूत लोळण-विरोध वजनाच्या २० टक्क्यांवरही जातो. ४,५०० किग्रॅ वजनाला तो ८,८३० न्यूटन होतो. कागदावर हा भार केवळ ४.५६ गुणोत्तर ओढू शकते. प्रत्यक्षात तेथे आणखी एक मर्यादा आडवी येते. ती पकडीची.

== पकडीची मर्यादा ==

चाकाला कितीही टॉर्क दिला, तरी टायर आणि जमीन यांतील घर्षण जेवढे बल पेलू शकते तेवढेच बल गाडीला पुढे नेते. चालक चाकांवर पडणारे वजन आणि घर्षणगुणांक यांचा गुणाकार ही त्याची कमाल मर्यादा असते.

वरील पिकअप रिकामी असताना मागील आसावर सुमारे ७०० किग्रॅ वजन येते. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक ०.७ धरला, तर टायर सुमारे ४,८०० न्यूटन बल पेलतील. सर्वात उंच, म्हणजे ३.७३, गुणोत्तरही पहिल्या गिअरमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त बल देते. म्हणजे रिकाम्या पिकअपला जड ट्रेलर जोडल्यास चाके जागीच फिरतील. डाल्यात १,००० किग्रॅ माल भरल्यावर मागील आसावरील वजन सुमारे १,६०० किग्रॅ होते आणि पकडीची मर्यादा ११,००० न्यूटनपर्यंत वाढते. हीच भरलेली गाडी ओल्या चिखलात गेली आणि गुणांक ०.३ वर आला, की मर्यादा ४,७०० न्यूटनवर घसरते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कोरड्या रस्त्यावरील चढ आणि जड ओझे यांसाठी मोठे अ‍ॅक्सल गुणोत्तर उपयोगी पडते. चिखलात रुतलेल्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नसतो. तेथे चालक चाकांवर वजन, खोल नक्षीचे टायर, चारही चाकांना चालना किंवा डिफरन्शियल लॉक यांची गरज असते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले, की दुसऱ्यालाही तेवढाच अल्प टॉर्क मिळतो आणि गाडी हलत नाही. लॉक दाबल्यावर दोन्ही चाके एकत्र फिरतात. हे लॉक कडक जमिनीवर वळताना लावून ठेवल्यास आसाचे भाग तुटू शकतात.

== टायरच्या आकाराचा परिणाम ==

ओढबल काढताना त्रिज्येने भागाकार होतो. त्यामुळे मोठे टायर बसवले, की अ‍ॅक्सल गुणोत्तर न बदलताही ते कमी झाल्यासारखा परिणाम होतो. ४.१० गुणोत्तराच्या गाडीत ०.३५ ऐवजी ०.३८ मीटर त्रिज्येचे टायर लावल्यास परिणामी गुणोत्तर सुमारे ३.७८ होते. गाडी उंच दिसते, परंतु चढावर तिची ओढ आठ टक्क्यांनी घटते. स्पीडोमीटरही प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

== वाहननिर्मात्यांची निवड ==

अमेरिकेत पिकअपने मोठे ट्रेलर ओढण्याची प्रथा असल्याने तेथे खरेदीदाराला अ‍ॅक्सल गुणोत्तर निवडता येते. फोर्ड एफ-१५० सारखी पिकअप ३.३१, ३.५५ किंवा ३.७३ अशा गुणोत्तरांसह विकली गेली आहे आणि त्यानुसार तिची जाहीर ओढक्षमता बदलते. निर्माते आपापल्या पद्धतीने हे आकडे जाहीर करत असल्याने तुलना कठीण होती. म्हणून तेथील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, २००८ साली जे २८०७ हे मानक आणले. त्यात १२ टक्के चढावर भारासह पुन्हा पुन्हा गाडी सुरू करणे, तसेच दीर्घ चढ किमान वेग राखून आणि इंजिन न तापता पार करणे अशा चाचण्या आहेत. पहिल्या चाचणीत पहिला गिअर आणि अ‍ॅक्सल गुणोत्तर यांचा कस लागतो, तर दुसरीत इंजिनाची शक्ती आणि शीतन यांचा.

भारतातील चित्र वेगळे आहे. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त यांसारखी वाहने ओढक्षमतेवर नव्हे, तर डाल्यातील भारवहन क्षमतेवर विकली जातात. ‘१.७ टन’, ‘२ टन’ असे त्यांच्या जाहिरातींतील आकडे त्या क्षमतेचे असतात. एका प्रकारच्या गाडीला साधारणपणे एकच अ‍ॅक्सल गुणोत्तर दिले जाते, आणि पूर्ण भरलेली गाडी घाटात सुरू होऊ शकेल अशा बेताने निर्माता ते ठरवतो. मागे ओढण्याचे काम भारतात मुख्यत्वे ट्रॅक्टर करतो.

== ट्रॅक्टर : टोकाचे उदाहरण ==

४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ७५ अश्वशक्तीच्या पिकअपपेक्षा कितीतरी जड ट्रॉली ओढतो. याचे कारण इंजिनाच्या शक्तीत नाही, तर एकूण गतिघटीत आहे. मागच्या चाकाची त्रिज्या ०.६५ मीटर आणि इंजिनाची फिरकी मिनिटाला २,००० फेरे धरली, तर ताशी २.५ किमी वेगाने चालताना चाक मिनिटाला केवळ १० फेरे घेते. म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंतचे एकूण गुणोत्तर १९५ च्या आसपास असते. ताशी ३० किमी वेगाच्या वरच्या गिअरमध्येही ते १६ च्या वर राहते. वर घेतलेल्या पिकअपमध्ये पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १५ ते १८ एवढेच आहे. थोडक्यात, ट्रॅक्टरचा सर्वात वेगवान गिअर पिकअपच्या सर्वात मंद गिअरच्या जवळपास असतो. ट्रॅक्टरचे चाक मोठे असल्याने ओढबलात हा फरक काहीसा कमी होतो, तरी तो फार मोठाच राहतो.

एवढ्या गतिघटीमुळे सर्वात खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडण्याआधी चाके घसरतात. म्हणजे तेथे मर्यादा इंजिनाची नसून पकडीची असते. म्हणूनच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लोखंडी वजने लावतात किंवा टायरमध्ये पाणी भरतात.

== भंडारा जिल्ह्यातील वापर ==

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखनी, साकोली आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश तलावांसाठी आणि धानासाठी प्रसिद्ध आहे. १९९९ साली यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो.

येथील वाहतुकीचे वर्षभरातील टप्पे अ‍ॅक्सल गुणोत्तराच्या वेगवेगळ्या अंगांची परीक्षा घेतात.

; चिखलणी आणि रोवणी : पावसाळ्यात पाणी साठवलेल्या बांध्यांत ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावून चिखलणी केली जाते. येथे वेग नको असतो. अत्यंत खालचा गिअर आणि चिखलात रुतून पकड घेणारे चाक यांची जोडी कामी येते.

; धानाची वाहतूक : खरिपाचे धान दिवाळीच्या आसपास, तर उन्हाळी धान साधारण एप्रिल-मे महिन्यांत निघते. मळणीनंतर धानाचे कट्टे शेतातून पांदण रस्त्याने गावात आणि तेथून खरेदी केंद्रावर, राईस मिलमध्ये किंवा तुमसरसारख्या बाजारपेठेत नेले जातात. पांदण ओली असेल, तर ट्रॅक्टर-ट्रॉलीशिवाय पर्याय राहत नाही. डांबरी रस्ता लागल्यावर मात्र पिकअप अधिक वेगवान आणि कमी खर्चाची ठरते. शेतापासून बाजारापर्यंत दोन वाहने वापरण्याची गरज बऱ्याचदा याच कारणाने निर्माण होते : एकाच गुणोत्तराने चिखल आणि महामार्ग या दोहोंना न्याय देता येत नाही.

; तणिसाची वाहतूक : तणीस वजनाला हलके, पण आकाराने प्रचंड असते. त्याने भरलेल्या गाडीला ओढीची अडचण नसते. अडचण असते ती उंच गुरुत्वमध्याची आणि हवेच्या विरोधाची.

; रेतीची वाहतूक : वैनगंगेच्या पात्रातून रेती भरून काठावर चढणे हे ओढक्षमतेच्या दृष्टीने सर्वात कठीण काम आहे. सुटी वाळू, तीव्र चढ आणि जड माल हे तिन्ही विरोध येथे एकाच वेळी येतात. क्राऊन-पिनियनचे दाते तुटणे आणि आसाचा दांडा पिळला जाणे हे बिघाड अशाच परिस्थितीत संभवतात.

=== गिअर आणि पोलादाचे उत्पादन ===

भंडारा शहरापासून जवळच, महामार्गालगत गडेगाव येथे अशोक लेलँड या व्यापारी वाहननिर्मात्या कंपनीचा कारखाना आहे. तो १९८२ साली सुरू झाला आणि गिअरबॉक्सच्या उत्पादनासाठी ओळखला जातो. वरठी येथील सनफ्लॅग आयर्न अँड स्टील कंपनीचा कारखाना मोटारवाहन उद्योगाला लागणारे विशेष मिश्रपोलाद तयार करतो. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मॉयल कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. मँगनीज हा पोलादाला कठीणपणा आणि चिवटपणा देणारा महत्त्वाचा घटक आहे.

गिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या २०एमएनसीआर५ सारख्या पोलादात एक टक्क्याहून थोडे अधिक मँगनीज आणि जवळपास तेवढेच क्रोमियम असते. अशा पोलादाच्या दात्यांवर कार्बन मुरवून पृष्ठभाग कठीण केला जातो, तर गाभा चिवट ठेवला जातो. कठीण पृष्ठभाग झीज रोखतो आणि चिवट गाभा झटका सहन करतो. संपूर्ण दाता कठीण केला, तर तो काचेसारखा ठिसूळ होऊन पहिल्याच झटक्याला तुटेल.

== उतार, ब्रेक आणि सुरक्षितता ==

चढ चढून जाणे म्हणजे ओढक्षमता सिद्ध होणे नव्हे. ओढलेला भार उतारावर थांबवताही आला पाहिजे. गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचे इंजिन उतारावर चाकांना रोखून धरते. हा रोधही अ‍ॅक्सल गुणोत्तराच्या पटीत वाढतो. त्यामुळे मोठ्या गुणोत्तराची गाडी उतारावर अधिक आवरलेली राहते. उतारावर गिअर काढून गाडी ‘न्यूट्रल’मध्ये सोडल्यास हे संरक्षण पूर्णपणे नाहीसे होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तिचा भार ट्रॅक्टरला मागून ढकलतो. वळणावर ब्रेक दाबताच ट्रॉली आडवी होऊन ट्रॅक्टरला फिरवू शकते. मोठे गुणोत्तर भार ओढण्याची ताकद देते, परंतु ट्रॉलीला ब्रेक पुरवत नाही. हा फरक विसरला गेला, तर अपघात ओढताना नव्हे, थांबताना होतो.

दुसरा धोका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा आहे. मागचे चाक चिखलात किंवा वाळूत पक्के रुतलेले असेल आणि चालकाने खालच्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडला, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचा पुढचा भाग मागील आसाभोवती वर उचलला जातो. साखळी किंवा दोर आसापेक्षा उंच जागी बांधलेला असेल, तर ही शक्यता फार वाढते. हे सर्व एक-दोन सेकंदांत घडते आणि चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून ओढ नेहमी खालच्या हुकालाच जोडावी, क्लच हळू सोडावा आणि रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो उलट दिशेने बाहेर काढावा, असे सुरक्षिततेचे नियम सांगतात.

रात्री रस्त्याकडेला उभी असलेली किंवा मंद चालणारी ट्रॉली मागून येणाऱ्या वेगवान वाहनाला उशिरा दिसते. त्यामुळे तिच्या मागील बाजूस परावर्तक पट्ट्या असणे आवश्यक ठरते.

== कायदेशीर मर्यादा ==

वाहनाचे कमाल भारित वजन नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार त्यापेक्षा अधिक वजन वाहून नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये अतिरिक्त भारासाठी वीस हजार रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये अशा दंडाची तरतूद आहे. क्राऊन-पिनियन बदलून गाडीची ओढ वाढवली, तरी ही नोंदलेली मर्यादा बदलत नाही. आस, पाटे, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहिलेले असतात.

== देखभाल ==

क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर घासतही सरकतात. त्यामुळे त्यांना प्रचंड दाब सहन करणारे विशेष गिअर ऑइल लागते. गॅरेजमध्ये ते ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशेचाळीस नंबर’ म्हणून मागितले जाते. कोणता दर्जा वापरावा हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. नदीपात्रात किंवा पाणी साचलेल्या बांधीत आस बुडाला, तर सीलमधून पाणी आत शिरते आणि तेल दुधाळ होते. असे तेल त्वरित बदलावे लागते, अन्यथा दात्यांवर गंज व खड्डे पडतात. वेगाबरोबर बदलणारी घरघर, गॅस सोडताच येणारा खडखडाट आणि आसाचा मधला भाग अति तापणे ही बिघाडाची लक्षणे आहेत.

== सामान्य गैरसमज ==

* ‘अश्वशक्ती जास्त म्हणजे ओढ जास्त.’ अश्वशक्तीवरून दिलेला भार किती वेगाने ओढता येईल हे कळते. सुरुवातीची ओढ मात्र टॉर्क आणि एकूण गुणोत्तर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते.
* ‘अ‍ॅक्सल गुणोत्तर वाढवले की गाडी जास्त वजन पेलते.’ गुणोत्तर वजन हलवण्याशी संबंधित आहे, पेलण्याशी नाही. वजन पेलतात ते आस, पाटे, सांगाडा आणि टायर.
* ‘मोठ्या गुणोत्तराची गाडी नेहमीच जास्त इंधन खाते.’ रिकाम्या गाडीबाबत हे बहुधा खरे असते. जड भार घेऊन सतत चढ-उतारावर चालणाऱ्या गाडीत मात्र उंच गुणोत्तरामुळे इंजिनावर ताण येतो, वारंवार गिअर खाली घ्यावा लागतो आणि बचत दिसत नाही.
* ‘जास्त गिअर असले की अ‍ॅक्सल गुणोत्तराला महत्त्व उरत नाही.’ अधिक गिअरांमुळे उणीव काही प्रमाणात भरून निघते. तरीही पहिल्या गिअरच्या खाली जाण्याची सोय नसल्याने चढावर गाडी सुरू करण्याची कमाल क्षमता अ‍ॅक्सल गुणोत्तराशी बांधलेली राहते.

== हेही पाहा ==

* डिफरन्शियल
* गिअरबॉक्स
* ट्रॅक्टर
* टॉर्क
* भंडारा जिल्हा